धरणाकाठचे खासगी शहर

पुण्यात राहणाऱ्या माणसास मोसे नदी कदाचित नावानेही ठाऊक नसेल. परंतु तिचे पाणी तो रोज पितो. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरणाऱ्या तीन नद्यांवर तीन धरणे आहेत. मुठेवर टेमघर, मोसेवर वरसगाव आणि आंबीवर पानशेत. तिन्हींचे पाणी खडकवासल्यास एकत्र येते व तेथून शहराच्या नळांना आणि खालच्या शेतीला जाते. वरसगावच्या धरणास वीर बाजी पासलकरांचे नाव दिलेले आहे, कारण मोसे खोरे हे पासलकर देशमुखांचे. या धरणात सुमारे १२.८ टीएमसी, म्हणजे जवळजवळ तेरा अब्ज घनफूट, पाणी मावते. याच जलाशयाच्या काठावर गेल्या पंचवीस वर्षांत एक शहर उभे राहू लागले, अर्ध्यावर थांबले, आणि अखेर न्यायाधिकरणाच्या दप्तरात जाऊन पडले. त्या शहराचे नाव लवासा. हा शब्द मराठी कोशात सापडावयाचा नाही. तो विक्रीसाठी घडविलेला शब्द आहे.

लवासाचे नाव निघाले की दोन प्रकारची भाषणे ऐकू येतात. एका भाषणात तो प्रगतीचा झेंडा असतो, दुसऱ्यात तो लुटीचा अड्डा असतो. दोन्ही भाषणांना टाळ्या पडतात, पण श्रोता घरी जातो तेव्हा त्याला एवढेही सांगता येत नाही की असे शहर बनते कसे आणि मोडते कसे. आम्ही आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात घालविले. शाळेशी आमचा संबंध फार लवकर सुटला. पुढचे शिक्षण वाचनालयातील वर्तमानपत्रे, सरकारी राजपत्रे व कोर्टाचे निकाल यांतून झाले. त्या शिक्षणाने एक सवय लागली. कोणतेही मोठे बांधकाम दिसले की आम्ही पाच गोष्टी विचारतो : पाणी कोठले, जमीन कोणाची, परवानगी कोणाची, पैसा कोणाचा, आणि मजुरीची जबाबदारी कोणावर. लवासाची हकीकत आम्ही याच क्रमाने सांगणार आहोत.

कल्पना जुनीच आहे

डोंगरावर थंड हवेचे गाव वसविणे ही आपल्याकडे इंग्रजांची चाल. महाबळेश्वरला गव्हर्नर माल्कम याने पेठ वसविली, माथेरान १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने शोधून काढले असे आपण म्हणतो. तेथे पूर्वीपासून राहणाऱ्या धनगर-ठाकरांना ते आधीच सापडलेले होते, ही गोष्ट वेगळी. परंतु ही गावे राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी केलेली होती. विकण्याचा माल म्हणून कोणी ती बांधली नव्हती.

तळ्याकाठी कुंपण घालून श्रीमंतांसाठी खासगी वसाहत उभारण्याची कल्पना अमेरिकेत चांगलीच रुजली. न्यूयॉर्कजवळ पिअर लोरिलार्ड नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने १८८६ साली टक्सिडो पार्क ही वसाहत उघडली. डोंगर, तळे, रस्ते, बंगले, आणि सभोवार उंच कुंपण. इटली व स्लोव्हाकियातून आलेल्या सुमारे १,८०० मजुरांनी थंडी-वाऱ्यात ती काही महिन्यांत उभी केली. आज जगाला त्या वसाहतीची आठवण आहे ती तिच्या नावाच्या कोटामुळे; मजुरांची नावे कोणास ठाऊक नाहीत.

आपल्याकडेही उद्योगपतींनी गावे वसविली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसविले. या गावांत मालकाचे राज्य होते आणि त्यावर कामगार चळवळीला बोलावयास पुष्कळ जागा होती. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तेथे आधी काम होते, आणि कामासाठी माणसे आली म्हणून गाव झाले. नांगर विकला जाई, साखर विकली जाई. गाव विकावयास काढलेले नव्हते. लवासात मात्र गाव हाच माल होता. पुढे जे झाले त्याचे मूळ या फरकात आहे, म्हणून श्रोत्यांनी तो ध्यानात ठेवावा.

पाणी आणि जमीन

२००० साली पर्ली ब्लू लेक रिसॉर्ट्स नावाची एक कंपनी नोंदली गेली. नाव बदलत बदलत २००४ साली ती लवासा कॉर्पोरेशन झाली. तिच्यामागे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी होती. ही वालचंद हिराचंदांनी १९२६ साली स्थापन केलेली, धरणे, बोगदे व पूल बांधण्यात नावाजलेली कंपनी. म्हणजे बांधकामाचे ज्ञान नव्हते म्हणून हा डाव फसला, असे कोणासही म्हणता येणार नाही.

वाट मोकळी झाली होती ती कायद्याने. राज्य सरकारने १९९६ च्या नोव्हेंबरात थंड हवेच्या ठिकाणांसारख्या प्रदेशात खासगी वसाहती उभारण्यासाठी खास नियम केले. त्या नियमांखाली १ जून २००१ रोजी मुळशी व वेल्हे तालुक्यांतील १८ गावांचा प्रदेश गिरिस्थान म्हणून जाहीर झाला. वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका. २००२ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने सुमारे १४१ हेक्टर जमीन ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने कंपनीस दिली.

ही शेवटची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. महामंडळाकडे जमीन येते कोठून? धरणासाठी ती शेतकऱ्यांकडून संपादन केलेली असते. ‘सार्वजनिक काम’ या दोन शब्दांच्या बळावर सरकार शेतकऱ्याला त्याची जमीन सोडावयास लावते, आणि शेतकरीही मनाची समजूत घालतो की आपल्या जमिनीवर पाणी साठेल, ते हजारो घरांना मिळेल. धरण झाल्यावर काठाची जमीन उरली तर ती कोणाची? ज्याने दिली त्याची, ज्या कामासाठी दिली त्या कामाची, की जो भाडे देईल त्याची? कायद्याने या प्रश्नाचे उत्तर एक असेल. पण खोऱ्यातल्या माणसाच्या मनातले उत्तर निराळे असते. बाकीची जमीन खासगी खरेदीने जमविण्यात आली. त्या व्यवहारांविषयी कातकरी, ठाकर व इतर गावकऱ्यांनी तक्रारी केल्या, आंदोलने झाली, प्रकरणे कोर्टात गेली.

मुळशी तालुक्याला हा अनुभव नवा नाही. १९२१ साली याच तालुक्यात, शेजारच्या मुळा खोऱ्यात, टाटांच्या वीजधरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे पुढारी होते. ती लढाई १९२४ पर्यंत चालली व हरली. परंतु त्या वेळी निदान वाद सरळ होता : मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी, मावळ्यांना शेत हवे. ऐंशी वर्षांनी मोसे खोऱ्यात शेताच्या समोर वीज नव्हती, कारखाना नव्हता. सुटीचे घर होते.

परवानगी

लवासाचा आराखडा मोठा होता. पाच छोटी नगरे, सुमारे १०० चौरस किलोमीटर प्रदेश, आणि तीन लाखांच्या आसपास वस्ती. पहिले नगर दासवे. त्याची बांधणी इटलीतील पोर्टोफिनो या किनाऱ्यावरच्या गावावरून घेतली होती; रंगीत भिंती, कमानी, पाण्यालगतची फिरण्याची वाट. आराखडा अमेरिकेतील एचओके या वास्तुविशारदांच्या संस्थेने केला.

एवढ्या कामाला परवानगी कोणी द्यावयाची? १८ मार्च २००४ रोजी राज्याच्या पर्यावरण खात्याने २,००० हेक्टरांस मंजुरी दिली. कंपनीचे म्हणणे असे की, एवढे पुरे. परंतु ७ जुलै २००४ रोजी केंद्र सरकारने आपल्या अधिसूचनेत दुरुस्ती करून मोठ्या नव्या बांधकामांस केंद्राची मंजुरी आवश्यक केली, आणि २००६ साली हा नियम पुन्हा नव्याने लिहिला गेला. १९९४ च्या मूळ अधिसूचनेतही समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरवरील पर्यटनवसाहतींना केंद्राची मंजुरी लागत असे. मग वाद झाला तो असा : काम नियमाआधी सुरू झाले की नंतर? प्रकल्पाचा काही भाग हजार मीटरच्या वर जातो की नाही? वरवर पाहता हे वकिली काथ्याकूट वाटेल. परंतु डोंगर कापला जात असताना त्याची तपासणी कोणी करावयाची, हाच प्रश्न त्या तारखांच्या आड उभा होता.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली. जून २००८ मध्ये लवासासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. याचा अर्थ सोप्या शब्दांत सांगतो. पुण्यात कोणास माडी चढवावयाची असेल तर तो महापालिकेकडे जातो. नकाशा चुकीचा असेल तर महापालिका नामंजूर करते. आणि महापालिका चुकली तर आपण मत देऊन कारभारी बदलू शकतो. लवासात नकाशे मंजूर करणारे प्राधिकरण आणि नकाशे सादर करणारी कंपनी यांच्यात असे अंतर राहिले नाही. ग्रामपंचायती होत्या, पण शहराच्या बांधणीवर त्यांचा शब्द चालत नव्हता. परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासावा, तसला हा प्रकार. पेपर उत्तमही असू शकेल. पण त्या गुणांवर दुसऱ्याने विश्वास का ठेवावा? २०१७ साली राज्य सरकारने हे प्राधिकरण संपवून तो अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे देण्याचा निर्णय घेतला.

पैसा

२५ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याची नोटीस काढली. दोनच महिन्यांपूर्वी कंपनीने सुमारे २,००० कोटी रुपयांचे भांडवल लोकांकडून उभारण्यासाठी मसुदा सेबीकडे दिला होता. तो बेत राहून गेला. सुमारे एक वर्ष काम बंद होते. राज्य सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पुण्याच्या न्यायालयात खटला दाखल केला, आणि त्यानंतर ९ नोव्हेंबर २०११ रोजी पहिल्या टप्प्यास केंद्राची मंजुरी अटींसह मिळाली.

मग शहर पुढे का गेले नाही? पुष्कळ लोक म्हणतात, त्या एका वर्षाने घात केला. आम्हांस हे अर्धेच खरे वाटते. कारखाना वर्षभर बंद पडला तर तोटा होतो, पण कारखान्याचा माल बाजारात हवाच असतो. चाके पुन्हा फिरतात. जेथे गाव हाच माल आहे तेथे हिशेब निराळा. बँकेकडून कर्ज काढून रस्ता, पूल, बंधारा बांधावयाचा; त्याच्या भरवशावर बंगले व सदनिका विकावयाच्या; गिऱ्हाइकाच्या हप्त्यातून व्याज भरावयाचे व पुढचा टप्पा बांधावयाचा. गिऱ्हाईक थांबले की हप्ता थांबतो, हप्ता थांबला की बांधकाम थांबते, आणि बांधकाम थांबलेले दिसले की नवे गिऱ्हाईक येत नाही. व्याज मात्र थांबत नाही. ते रात्रपाळीसही कामावर असते. पोटापाण्याचा धंदा त्या गावात रुजण्याआधीच व्याजाचा बोजा त्याच्या मानेवर बसला. काही हॉटेले चालली, एका विद्यापीठाचे संकुल आले व टिकले. पण तीन लाखांच्या शहराला एवढ्याने आधार मिळत नाही.

३० ऑगस्ट २०१८ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने लवासा कॉर्पोरेशनविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. मान्य झालेले दावे ६,६४२ कोटी रुपयांचे. २०२३ च्या जुलैत एका खरेदीदाराची १,८१४ कोटींची योजना मंजूर झाली. रक्कम आठ वर्षांत द्यावयाची होती. रुपयामागे सव्वासत्तावीस पैसे, तेही हप्त्याने. घरांसाठी पैसे भरून बसलेल्या ८३७ जणांचे ४०९ कोटींचे दावे मान्य झाले होते. त्यांना योजनेत असे आश्वासन होते की, पर्यावरण मंजुरी मिळाल्यापासून पाच वर्षांत, प्रत्यक्ष बांधकामाच्या खर्चात घर मिळेल. परंतु ठरलेले पैसे आले नाहीत, आणि २०२४ च्या सप्टेंबरात न्यायाधिकरणाने ती मंजुरी मागे घेऊन प्रक्रिया पुन्हा सुरू करावयास लावली.

या आठशे-साडेआठशे माणसांना ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून हसण्याचे कारण नाही. त्यांत कोणी निवृत्तीचा फंड घातला असेल, कोणी परदेशातल्या नोकरीची पुंजी. कष्टाच्या पैशाला जात नसते.

मजुरी

आता आमच्या विषयाकडे येतो. शहर बांधणाऱ्या कंपनीचे नाव फलकावर असते. तिच्याखाली मोठा ठेकेदार, त्याच्याखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम, आणि मुकादमाच्या हाताखाली गवंडी, सेंट्रिंगवाले, लोखंड बांधणारे, बिगारी. पैसा वरून खाली ठिबकत येतो आणि प्रत्येक पायरीवर थोडा मुरतो. वर पैसा अडला की सर्वांत आधी तहान लागते ती खालच्याला. सरकारी हुकमात ‘बांधकाम थांबवावे’ एवढेच लिहिलेले असते. बांधकामाबरोबर थांबणाऱ्या माणसांचा त्यात उल्लेख नसतो.

दासवे बांधले जात होते त्या वर्षांत १९७० चा कंत्राटी कामगार कायदा लागू होता. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर मूळ मालकाने ती द्यावी, असे त्याचे कलम २१ सांगत होते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याप्रमाणे बांधकामखर्चावर एक टक्का उपकर कामगार कल्याणासाठी जमा करावयाचा होता. कायदे वाईट नव्हते. अडचण वेगळीच असते. एका बांधकामावर, ज्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, ठेकेदार एका रात्रीत बिऱ्हाड उचलून गेला. आम्ही मजुरांना घेऊन मूळ मालकाच्या कचेरीत गेलो. त्यांनी एकच प्रश्न केला : “ही माणसे आमच्या कामावर होती याला पुरावा काय?” हजेरीपुस्तक ठेकेदाराच्या पिशवीत गेले होते. सहा महिने राबलेल्या माणसांपाशी दाखविण्यास हातावरच्या घट्ट्यांखेरीज काही नव्हते. अखेर एका बिगाऱ्याच्या बायकोने दुकानदाराच्या उधारीच्या वहीतून तारखा काढून दिल्या, आणि त्यावरून निम्म्या लोकांची मजुरी सुटली.

दिवाळखोरीच्या प्रक्रियेत हाच प्रश्न फार मोठा होतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत, कंपनी मोडून पैसा वाटावयाचा झाला तर रांग कशी असावी हे कलम ५३ मध्ये सांगितले आहे. पहिल्यांदा प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची मागच्या चोवीस महिन्यांची देणी आणि तारणावर कर्ज देणाऱ्या बँका, हे दोघे एकाच पायरीवर. त्यानंतर इतर नोकरांचे बारा महिन्यांचे वेतन, मग बिनतारणी कर्जे, मग सरकार, आणि सर्वांत शेवटी भागधारक. म्हणजे कागदावर कामगार बँकेच्या शेजारी बसलेला आहे. घर घेणाऱ्यांनाही २०१८ पासून वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला, आणि धनकोंच्या समितीत त्यांच्या प्रतिनिधीला मत मिळाले. परंतु रांगेत उभे राहण्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते, मुदतीत दावा दाखल करावा लागतो, पुरावा जोडावा लागतो. बँकेपाशी त्यासाठी वकिलांची फौज असते. मुकादमाच्या हाताखालचा बिगारी तोवर दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या इमारतीवर चढलेला असतो.

येथे संघटनेचा उपयोग आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी कानपूरच्या एका ज्यूट गिरणीच्या प्रकरणात निर्णय दिला की, नोंदणीकृत कामगार संघटना आपल्या सभासदांच्या वतीने थकलेल्या वेतनासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. प्रत्येक कामगाराने वेगळा अर्ज करण्याचे कारण नाही. या निकालाने आमच्यासारख्यांच्या हाती एक चांगले हत्यार आले आहे. ते गंजू देता कामा नये.

नागरिकांनी काय करावे

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, लवासात आमचे घर नाही, जमीन नाही. आम्हांस काय त्याचे? त्याचे उत्तर पहिल्याच परिच्छेदात आहे. वरसगावचे पाणी आपले आहे. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगर कापला तर माती खाली येते, आणि धरणात माती साठेल तेवढी पाण्याची जागा कमी होते. धरणाच्या काठी वस्ती वाढली तर तिचे सांडपाणी कोठे जाते हे पाहणे, हे खालच्या शहराचेही काम आहे. आणि तो डोंगर किती नाजूक आहे हे २०२४ च्या जुलैतील अतिवृष्टीने दाखविले. तेथे दरड कोसळून बंगले गाडले गेले.

दुसरी गोष्ट वेळेची. या प्रकल्पास दिलेल्या सवलतींविरुद्धच्या जनहित याचिकेचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. याचिका करण्यास फार उशीर झाला, हे त्या निकालातले एक मोठे कारण होते. राजपत्रात अधिसूचना निघते तेव्हा हरकतीची मुदत थोडी असते. आणि राजपत्र वाचतो कोण? इमारत दिसू लागली म्हणजे लोक जागे होतात, परंतु तोवर त्या इमारतीत कोणाचे तरी पैसे, कोणाचे तरी कर्ज, कोणाचे तरी काम गुंतलेले असते, आणि न्यायाधीशालाही कात्री लावणे कठीण होते. म्हणून आमची एक सूचना आहे. प्रत्येक वाचनालयात, प्रत्येक संघटनेच्या कचेरीत, आठवड्यातून एक तास दोन माणसांनी राजपत्र व जमिनीविषयीच्या सरकारी जाहिराती वाचाव्यात, आणि आपल्या तालुक्याचे नाव आले की फळ्यावर लिहावे. यास पैसा लागत नाही, पुढारीही लागत नाही.

घर घेणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी रंगीत चित्र बाजूस ठेवून परवानगीचा कागद मागावा. तो कोणाच्या सहीचा आहे व केव्हाचा आहे हे पाहावे. शेतकऱ्याने, सार्वजनिक कामासाठी दिलेली जमीन त्या कामास लागली की नाही, हे विचारण्याचा आपला हक्क सोडू नये. आणि बांधकामावरच्या मजुराने रोजची हजेरी आपल्या वहीत, आपल्या हाताने, मुकादमाच्या नावासह लिहावी. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्यावी. एक रुपयाची पेन्सिल पुष्कळ आहे. उद्या काम बंद पडले आणि रांग लागली, तर त्या वहीवर त्याचे नाव त्या रांगेत लागेल.